पारसनिसांच्या घरचा अवकाश

श्रावणात आमच्या उज्जैनचा रविवार सोमवारी येतो. सोमवारी महाकालची सवारी निघते, रस्ते बंद होतात, म्हणून शाळांना सोमवारी सुट्टी आणि रविवारी शाळा. महाकाल महाराज स्वतः नगर बघायला बाहेर पडणार, तेव्हा पोरांनी दर्शन घ्यावं, असा त्यामागचा हेतू. आमचा आल्हादही सोमवारी दर्शन घेतो, नाही असं नाही. फक्त जपानचं घेतो.

आल्हाद म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा, विनायकचा, मुलगा. अकरावीत आहे. मी त्याची माणिक आत्या. उभा जन्म मुलींच्या शाळेत हिंदी शिकवून रिटायर झाले, आणि आता फ्रीगंजातल्या आमच्या घरात वरच्या खोलीत राहून खालच्या सगळ्यांवर नजर ठेवते. कोणी ठेवायला सांगितलेली नाही. सवय आहे, जात नाही.

हे पोरगं लहानपणी चांगलं होतं. लॉकडाऊनमध्ये शाळा फोनवर आली, आणि फोनवर शाळेच्या शेजारीच जपान राहतं हे त्याला कळलं. शाळा परत शाळेत गेली, जपान राहिलं. तेव्हापासून केस डोळ्यांवर, पाय दिवाणाच्या बाहेर आणि कानावर ते भलेमोठे हेडफोन. जेवायला बसताना तो हात जोडून काहीतरी पुटपुटतो. पहिल्या दिवशी त्याची आई, मधुरा, किती खूश झाली होती, पोरगं श्लोक म्हणतंय म्हणून. मग कळलं, श्लोक नाही, जपानी आहे. त्याच्या त्या निळ्या-गुलाबी केसांच्या मंडळींना आपण कार्टून म्हटलं की साहेबांचा पारा चढतो. "कार्टून नाही, आत्या. अॅनिमे." विनूला कोणी क्लार्क म्हटलं की तो जसा "सीनियर असिस्टंट" म्हणून दुरुस्त करतो ना, अगदी त्याच सुरात. बाप तसा बेटा.

आता विनूबद्दल थोडं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं समजणार नाही. आम्ही पारसनीस. आमचा कोणी पूर्वज शिंद्यांच्या दरबारी फारसी खलिते लिहायचा, त्यावरून हे आडनाव. म्हणजे दुसऱ्याची भाषा शिकून आमचं घराणं वर आलं. ही गोष्ट विनू इथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात ऊर भरून सांगतो. तोच विनू घरी पोरानं दोन जपानी शब्द तोंडातून काढले की म्हणतो, परक्यांची भाषा बोलून कोणाचं भलं झालंय? मी एकदा म्हटलं, आपल्या पणज्याच्या पणज्याचं झालं की. तर माझ्याशी दोन दिवस बोलला नाही.

विनू आमच्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी. निवडणूक दरवर्षी होते आणि दरवर्षी दुसरं कोणी उभं राहत नाही. मराठीचा त्याला भारी अभिमान. घरात नियम आहे की जेवताना हिंदी शब्द बोलायचा नाही. त्यामुळे आमच्याकडे जेवताना फार शांतता असते. एकदा मधुरानं "भिंडीची सब्जी घेता का" विचारलं, तर हा म्हणाला, "भेंडीची भाजी म्हण. गलत सवयी लागून जातात मग." असा हा शुद्ध मराठीचा कैवारी. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण इथे दिवाच अंधाराला दटावतो.

तर आल्हादला जायचं होतं पुण्याला. दिवाळीच्या सुट्टीत तिथे एक शिबिर होतं, चित्रं हलती कशी करायची ते शिकवणारं. पोरानं कोणाला न विचारता आपली चित्रं पाठवली आणि त्यांनी त्याला निवडलं. घरात हे सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. विनूनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पुण्यात बोलशील काय? तुझी ही मराठी तिथे कोणाला समजणार आहे?"

पोराचा चेहरा पडला. मग विनूला बहुधा आपलं बोलणं जरा जास्त झालंसं वाटलं, म्हणून त्यानं अट घातली. मंडळाची निबंध स्पर्धा येते आहे. आई-आत्याची मदत न घेता एक निबंध मराठीत लिही, मंचावर वाच, आणि खुशाल जा पुण्याला. माझ्यासमोर त्यानं हा शब्द दिला. निबंध द्यायची शेवटची मुदत हा सोमवार, आणि मंगळवारी संध्याकाळी वाचन. परीक्षक पुण्याहून येणार, प्राध्यापक सुनंदाबाई देवस्थळी, मुक्काम आमच्याच घरी.

विषय विनूनंच काढला होता, सुट्टीचा. "माझा अवकाश." पत्रक छापलं, मोठा बॅनर केला. छापायच्या आधी मला दाखवलं आणि मीही छान म्हटलं. आता तुम्ही महाराष्ट्रातले असाल तर इथेच हसायला लागला असाल. हसा. आम्हाला अजून कळायचं होतं.

सोमवारी चिरंजीव ऊन चांगलं वर आल्यावर उठले. मधुराचा उपास, म्हणून साबुदाण्याची खिचडी केली होती. ती त्यानं दोन पेन्सिलींनी खाल्ली. होय, पेन्सिलींनी. जपानात काड्यांनी खातात म्हणे. जपानात साबुदाणा खात नसावेत, नाहीतर ही पद्धत त्यांनी केव्हाच सोडली असती. अर्धी खिचडी चादरीवर, आणि पोरगं गंभीरपणे एकेक दाणा टिपतंय. मी म्हटलं, चिमणीचं तरी पोट भरतं यापेक्षा.

मग होमवर्क. ते कसं करतात ते बघून घ्या. पाण्याच्या बाटलीला टेकवून फोन उभा करायचा, मांडीवर भौतिकशास्त्राची वही. अॅनिमे सुरू होताना एक गाणं लागतं आणि संपताना एक. सुरुवातीच्या गाण्यात सवाल उतरवायचा, शेवटच्या गाण्यात उत्तर. मधल्या वेळात न्यूटन आपला वाट बघत बसतो. मी खुर्ची ओढून समोर बसले, म्हटलं बघू कसं बघतोस. त्यानं गुमान हेडफोनची वायर काढली आणि आवाज मोठा केला, मलाही ऐकू यावं म्हणून.

गोष्ट अशी होती. निळ्या केसांची एक मुलगी. मोडक्या यानात एकटी, चहूकडे काळोख. तिच्याकडे एक रेडिओ आहे, त्यावर ती रोज बोलते, आज काय खाल्लं, काय बिघडलं, काय स्वप्न पडलं. पलीकडे कोणी ऐकतंय की नाही ते तिला माहीत नाही. बस, इतकंच. ना मारामारी, ना नाच. मी म्हटलं, यात बघण्यासारखं काय आहे? आणि तिसरा भाग संपला तेव्हा मीच विचारत होते, काय रे, पुढे कोणी सापडतं का तिला? मधुरा दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी घाईघाईनं उठून त्याला निबंधाची आठवण करून दिली.

तर या पठ्ठ्यानं काय करावं? विषय फोनमध्ये टाकला. फोननं इंग्रजीत सांगितलं, माय स्पेस. पोरगं दिवाणावर ताठ उठून बसलं. म्हणाला, आत्या, विषय अंतरिक्षावर आहे, मला तर येतं हे. मी कपाळावर हात मारला. अरे गाढवा, अवकाश म्हणजे सुट्टी. ग्रीष्मावकाश, आकस्मिक अवकाश, माझा जन्म गेला त्याचे अर्ज लिहिण्यात. सवारीच्या सुट्टीवर लिही, मामाच्या घरावर लिही, नाहीतर भैरवगडला कापडावरचे छापे बघायला गेला होतास त्यावर लिही. तो म्हणाला, पण फोन तर हेच सांगतोय. मी म्हटलं, फोनला मराठी काय कळते? त्यावर तो म्हणाला, "फोन पुण्याला शिकला असेल, आत्या."

आणि बसला लिहायला. खरं सांगते, या पोराला मी इतका वेळ एका जागी बघितलं नव्हतं. फोन पालथा घातला. गाणं नाही, न्यूटन नाही. मध्येच खोडायचा, छताकडे बघायचा, परत लिहायचा. मदत करायची नाही अशी अट होती, म्हणून मी गप्प. मनात म्हटलं, कर मेहनत, चुकीच्या गावाला चाललायस पण चाल तरी धर.

दुपारी विनू स्टेशनवर निघायच्या तयारीत होता, तेव्हा आल्हादनं निबंध त्याच्या हातात दिला. विनूनं चष्मा लावला आणि पहिलं वाक्य मोठ्यानं वाचलं. "माझा अवकाश काळा आहे आणि त्यात एक मुलगी एकटी आहे."

विनू थांबला. बायकोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. सुट्टी काळी कशी असते, त्यानं विचारलं, आणि ही मुलगी कोण? आल्हाद यान, रेडिओ, फोन असं काहीतरी सांगायला लागला. विनूनं पुढचं वाचलंच नाही. इतक्या मुलांचे निबंध आले, म्हणाला, सगळ्यांना विषय समजला, सेक्रेटरीच्या मुलाला तेवढा नाही समजला. कार्टून बघून बघून डोक्याचं कार्टून झालंय. विषय सोडून लिहिणं म्हणजे न लिहिणंच. त्यानं कागद शोकेसच्या खणात टाकला, खण ढकलला. "पुणं विसर आता," म्हणाला, आणि स्कूटरची चावी घेऊन गेला.

कार्टून शब्द दोनदा झाला तरी आल्हादनं दुरुस्त केला नाही. दिवाणावर जाऊन हेडफोन लावून बसला. मी जवळून गेले तेव्हा बघितलं, फोनवर काही चालू नव्हतं. ती मुलगी तोंड अर्धवट उघडं ठेवून थांबली होती आणि हा तिच्याकडे बघत होता.

आता माझा स्वभाव. मी खण उघडला. किती चुका केल्यात बघू, असंच मनात होतं, खोटं कशाला बोलू. चुका होत्याच, भरपूर. पण मध्ये एका ठिकाणी त्यानं असं लिहिलं होतं.

"अवकाशात आवाज जात नाही. तरी ती रोज बोलते. माझं पण असंच आहे. शाळेत मी मराठी बोललो तर मुलं हसून घेतात. घरी बोललो तर बाबा गलत्या काढतात. म्हणून मी हेडफोन लावून घेतो. माझ्या अवकाशात अजून एका माणसाची जागा आहे. कोणाला यायचं असेल तर यावं. पण आल्या आल्या गलत्या काढू नये."

माझा हात सवयीनं पेनाकडे गेला होता. तो मी मागे घेतला. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि स्वतःचा रागही आला. या घरात आम्ही सगळे येता-जाता या पोराची टोपी उडवतो, मी तर सगळ्यात पुढे. तरीही निबंध विषय सोडूनच आहे असं मला तेव्हा वाटत होतं बरं का. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. कागद जिथे होता तिथे ठेवला.

तेवढ्यात बेल वाजली. दारात एक पिकल्या केसांच्या, सुती साडीतल्या बाई, हातात बॅग. सुनंदाबाई देवस्थळी. झालं असं होतं की विनू स्टेशनच्या देवास गेटच्या बाजूला, गर्दीत, त्यांच्या नावाची पाटी धरून उभा, आणि बाई फ्रीगंजच्या बाजूनं बाहेर पडून, ई-रिक्शा करून, पत्ता विचारत स्वतःच आल्या. दार आल्हादनं उघडलं. उघडलं आणि कमरेत वाकून जपानी नमस्कार घातला. बाईंना वाटलं पोरगं पाया पडतंय आणि मध्येच त्याची कंबर धरली. त्यांनी घाईनं आशीर्वाद दिला.

मग आल्हादनं आत हाक दिली, "आई, बाई येऊन गेल्या."

मधुरानं स्वयंपाकघरातून विचारलं, कधी? हा म्हणाला, आत्ताच. ती म्हणाली, बरं, बसव त्यांना. उंबऱ्यावर उभ्या असलेल्या बाई एकदा आत, एकदा आल्हादकडे बघत राहिल्या. "अहो, मी आत्ता येतेय," त्या म्हणाल्या, "गेले कधी?" आम्हाला वाटलं उन्हानं थकल्यात. मी त्यांना पंख्याखाली बसवलं आणि पाणी दिलं.

विनू घामाघूम होऊन परतला. माफी मागून झाली, चहा झाला, पूर्वजांचे फारसी खलितेही झाले. मग विनूनं निबंधांचा गठ्ठा आणून बाईंसमोर ठेवला आणि संकोचानं म्हणाला, आज दमल्या असाल. बाई हसून म्हणाल्या, "असू दे हो. उद्या संध्याकाळपर्यंत भरपूर अवकाश आहे."

"नाही, नाही," विनू म्हणाला, "अवकाश फक्त आज. उद्या शाळा चालू आहेत."

बाईंनी कप बशीत ठेवला. विनूचा चेहरा सरळ होता, माझाही होता. बाईंना वाटलं असेल इथली काही थट्टा करायची पद्धत असेल. त्या किंचित हसल्या आणि पहिला निबंध उचलला.

मामाचं घर. दुसऱ्यात गोवा. तिसऱ्यात सवारीचा सोमवार आणि जिलेबी. मग परत मामाचं घर. बाई वाचत गेल्या आणि त्यांच्या कपाळावरच्या आठ्या वाढत गेल्या. शेवटी त्यांनी गठ्ठा मांडीवर ठेवला. लेखन गोड आहे, म्हणाल्या, मुलं गुणी आहेत. पण पत्रकात विषय "माझा अवकाश" होता ना? मग सगळ्यांनी सुट्टीवर का लिहिलंय?

विनू म्हणाला, "अवकाश म्हणजे सुट्टीच ना, बाई."

"कोणत्या भाषेत?" बाईंनी विचारलं.

विचारलं अगदी सौम्यपणे. पुण्याच्या लोकांचं हेच असतं, आवाज चढत नाही आणि माणूस मात्र उतरतो. मग त्यांनी समजावून सांगितलं. मराठीत अवकाश म्हणजे अंतराळ. पोकळी, मोकळी जागा. फार तर वेळ, सवड. विनूनं बुडत्याला काडी मिळावी तशी सवड धरली, म्हणाला, सवड म्हणजे सुट्टीच झाली की. बाई म्हणाल्या, सुट्टी सरकार देतं, सवड आपली आपल्याला काढावी लागते. माझ्या डोळ्यांसमोरून मी लिहिलेले सगळे अर्ज गेले. आम्ही इतक्या पिढ्या इथे आहोत की आमचे शब्द मराठी राहिले आणि अर्थ केव्हा हिंदी होऊन बसले, कोणाला पत्ता नाही. आल्हादचा फोन खरंच पुण्याला शिकला होता.

बाई पुढे बोलत होत्या आणि प्रत्येक वाक्यानं विनू खुर्चीत थोडा थोडा खाली जात होता. इतका सुंदर विषय उज्जैनच्या कोणाला सुचला, म्हणून त्यांनी आमंत्रण लगेच घेतलं होतं. गाडीत त्या हाच विचार करत आल्या की मुलं काय काय लिहितील. उद्या मंचावर याबद्दल बोलेन, म्हणाल्या. मग जरा खट्टू होऊन गठ्ठ्याकडे बघितलं. एकाही मुलाला दुसरं काही सुचलं नाही का?

विनूची नजर शोकेसकडे गेली. मी बघितलं. त्याला फक्त "एक आहे" म्हणायचं होतं. पण ते म्हटलं की पुढचं सगळंच आलं. सेक्रेटरीला स्वतः काढलेल्या विषयाचा अर्थ माहीत नव्हता, आणि ज्या एकाला कळला त्याचा निबंध सेक्रेटरीनं खणात कोंबला. उद्या मंचावर, सगळ्या मंडळासमोर.

बाई आल्हादकडे वळल्या. "तू यांचा मुलगा ना? तू काय लिहिलंस?"

आल्हादनं बाबांकडे बघितलं. बाबा कपातल्या गार झालेल्या चहाकडे बघत होते. मी तोंड उघडलं, तर पोरानं माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. नको म्हणून.

"नाही लिहिलं," तो बाईंना म्हणाला. "कार्टून बघत बसलो."

कार्टून. स्वतःच्या तोंडानं. त्या दोन वाक्यांत त्यानं पुणंही सोडलं आणि जपानही, आणि बापाची लाज झाकली. आणि बापानं काय करावं? विनू हसला. काय सांगू बाई, म्हणाला, आजकालची ही पोरं, दिवसभर हेच चालतं. मला त्या क्षणी माझ्या भावाची इतकी चीड आली की मी उठून कपबशा विसळायला गेले, आणि घरात कपबशा विसळायला मी रिटायर झाल्यापासून कधी गेलेली नाही.

संध्याकाळी बाईंना बाजार बघायचा होता, म्हणून मधुरा त्यांना टावर चौकात घेऊन गेली. घरात आम्ही तिघं. आल्हाद दिवाणावर वह्या आवरत होता. विनू उठला, शोकेसचा खण उघडला, कागद काढला आणि तिथेच उभ्यानं वाचायला लागला. या खेपेला शेवटपर्यंत वाचला. मग परत वर गेला आणि एक जागा पुन्हा वाचली. कोणती जागा ते मला विचारायची गरज नव्हती, त्याचे कान लाल झाले होते. तो खुर्चीत बसला.

मग तो भिंतीकडे बघत म्हणाला, दिवाळीत जा तू पुण्याला.

आल्हाद वह्या लावता लावता म्हणाला, अट तर पूर्ण नाही झाली, बाबा. विनू म्हणाला, अट राहू दे. मग कागद सरळ करत म्हणाला की हा गठ्ठ्यात मध्येच कुठेतरी घालून देतो. नावावर पट्टी चिकटवू. कोणाचा आहे, कधी आला, कोणाला कळायचं कारण नाही. चांगलं लिहिलंस, असं मात्र त्याच्या तोंडून निघेना. माझा भाऊ माफी अशीच मागतो, पट्टी चिकटवून. दुसरी तऱ्हा त्याला कोणी शिकवली नाही, मीही नाही.

आल्हाद उठला. बापाच्या हातातून त्यानं कागद घेतला, हिसकावला नाही, हळूच घेतला, आणि घडी घालून शिबिराच्या चित्रांच्या फाइलमध्ये ठेवला.

"राहू द्या," तो म्हणाला. "पुण्याला घेऊन जातो. तिथे कोणाला तरी समजेल."

चूक काढायला त्या वाक्यात काहीच नव्हतं. एक हिंदी शब्द नाही, एक मात्रा इकडची तिकडे नाही. विनू रिकामा हात तसाच धरून बसला होता. आल्हाद दिवाणावर जाऊन बसला, पाय बाहेर टाकले, फोन बाटलीला टेकवला. ती मुलगी परत बोलायला लागली.

थोड्या वेळानं बेल वाजली. विनूनं घसा साफ केला. "आल्हाद," तो म्हणाला, "बघ रे, बाई येऊन गेल्या वाटतं."

आल्हादनं हेडफोन लावले होते. विनूनं पुन्हा हाक मारली, जरा मोठ्यानं, आणि वाट बघत राहिला. शेवटी दार उघडायला मीच उठले.